ओहायोतला आपला माणूस

यतीन पारसनीसच्या घरात शिरलात की चहा विचारण्याआधी तो विचारतो, "टिन मेलबॉक्स ऐकलंय का?" नाही म्हणालात तर तुमची संध्याकाळ गेली. हो म्हणालात तर तुम्ही खोटं बोलताय, कारण या बँडचं नाव ऐकलेला दुसरा माणूस परदेशातल्या आमच्या अख्ख्या हॉर्नबी उपनगरात नाही. संध्याकाळ मात्र तरीही जातेच.

मी त्याची शेजारीण अनुराधा. हॉस्पिटलात नर्स आहे, मराठी मंडळाची सचिव आहे आणि गिटारच्या गोंगाटाची मला मनापासून चीड आहे. आमच्या दोन घरांमध्ये लाकडी फळ्यांचं एक कुंपण आहे. त्यातून आवाज गाळून येत नाही, सगळाच्या सगळा येतो. त्यामुळे टिन मेलबॉक्सची सगळी गाणी मला पाठ आहेत आणि त्यातलं एकही मला आवडत नाही.

हा बँड म्हणजे अमेरिकेतल्या ओहायोमधले चार दाढीवाले. माझा नवरा मकरंद त्यांना टपालपेटीवाले म्हणतो. पहिला अल्बम त्यांनी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये केला. त्यात मधेच कुत्रा भुंकतो आणि तो ड्रमपेक्षा तालात आहे असं माझं मत आहे. दुसरा अल्बम कुणी घेतला नाही. तिसरा थोडा खपला म्हणून त्यांनी लगेच चौथा काढला आणि तो इतका पडला की चौघांची भांडणं झाली. मग एक जाहीर कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली, तिच्यात टाळ्या वाजवणारी माणसं वेगवेगळी ओळखू येतात. त्यानंतर गायकाने एकट्याने बॅंजो घेऊन काहीतरी केलं, त्याबद्दल यतीनही फार बोलत नाही. एवढाच संसार. पण यतीनने तो रेकॉर्ड, कॅसेट आणि सीडी अशा तिन्ही रूपांत जमवलाय.

तो हाडाचा फार्मसिस्ट. प्रत्येक रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याने औषधाच्या बाटलीवर लावतात तसली चिठ्ठी चिकटवली आहे. पहिल्या अल्बमवर "जेवणानंतर घ्यावा". जाहीर कार्यक्रमावर "वापरण्यापूर्वी हलवावा". बॅंजोवर "झोप येऊ शकते, गाडी चालवू नये". तिसऱ्या अल्बमच्या सीडीवर मात्र "फक्त बाह्योपचारासाठी" असं लाल अक्षरात आहे, आणि तो विनोद नाही. त्या सीडीवर त्याचा खरोखर राग आहे.

रागाचं कारण सांगते. यतीन पुण्याहून इथे शिकायला आला तेव्हा जवळच्या रिकार्टन उपनगरातल्या एका भाड्याच्या खोलीत राहायचा. तिथे हिवाळ्यात घराच्या आत तोंडातून वाफ निघायची. आयुष्यात कधी नापास न झालेला हा मुलगा पहिल्याच परीक्षेत नापास झाला. घरी कळवायचं कसं हा प्रश्न होता. परत जायचं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. आधीच्या भाडेकरूचा रेकॉर्ड प्लेयर खोलीत पडला होता आणि कोपऱ्यावरच्या ऑप-शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, त्याने कव्हर बरं दिसलं म्हणून एक रेकॉर्ड उचलली होती. तोच हा तिसरा अल्बम. त्या दिवशी दुपारी तो गरम पांघरुणात शिरून ती ऐकत पडला. शेवटचं गाणं संपलं, गिटार थांबली आणि अगदी मागून, हळूच, एक माणूस म्हणाला, "जाऊ दे रे."

यतीन उठून बसला. सुई शेवटच्या खोबणीत अडकली होती आणि तो माणूस पुन्हा म्हणाला, "जाऊ दे रे." मग परत. आणि परत. थंडीमुळे यतीनला उठून सुई उचलवेना, म्हणून तो ते ऐकतच राहिला. "वहिनी, असं वाटलं की कुणीतरी पाठीवर हात ठेवलाय," हे तो मला आजही सांगतो. तो परत गेला नाही. परीक्षा पुन्हा दिली, पास झाला, नोकरी लागली, सुरुचीशी लग्न झालं, जुई झाली. हे सगळं "जाऊ दे रे"च्या पायावर उभं आहे, असं त्याचं गणित.

तेव्हापासून त्याने एकच ध्यास घेतला. टिन मेलबॉक्सच्या स्टुडिओत एक मराठी माणूस होता. आपला माणूस. तो कोण? बाकी सगळ्या रेकॉर्डी त्याने जमवल्या त्या या माणसाचा आवाज पुन्हा कुठे सापडतो का हे बघायला. चौथ्या अल्बममध्ये कुणीतरी खोकतं, तर तो खोकलाही त्याने मला ऐकवला. "आपला वाटतो की नाही?" मी म्हटलं, खोकल्याला जात नसते, पण घसा तपासून घ्यायला हवा होता. आणि तिसऱ्या अल्बमची सीडी निघाली तेव्हा कंपनीने शेवटी आवाज हळूहळू कमी करून ते वाक्यच कापलं. म्हणून लाल चिठ्ठी. "आपल्या माणसाला कापलं!" असं तो म्हणाला तेव्हा मला वाटलं, खरोखरच कुणाचं तरी ऑपरेशन बिघडलं.

ती रेकॉर्ड त्याला किती प्रिय आहे हे इथल्या मोठ्या भूकंपाच्या पहाटे सगळ्या गल्लीने पाहिलं. आम्ही सगळे अंथरुणातून उठून रस्त्यावर आलो. सुरुचीने छोट्या जुईला उचललं होतं आणि यतीनने तिसरा अल्बम.  नंतर कितीतरी वर्षं घरात कुठलाही वाद झाला की सुरुची फक्त "भूकंप" एवढंच म्हणायची आणि जिंकायची.

जुई आता कॉलेजात जायच्या वयाची. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती इंग्रजी. आईने "जेवलीस का?" विचारलं की "येप". बापाने "अभ्यास झाला का?" विचारलं की "हीप्स", म्हणजे भरपूर. यतीनला त्याचं वाईट वाटतं. तो म्हणतो, "ओहायोतला माणूस मराठी बोलतो आणि माझ्या घरातली बोलत नाही."

यंदा फेब्रुवारीत मंडळाचा मराठी भाषा दिन होता. विषय होता "मराठी माणूस कुठे कुठे". कार्यक्रमाची आखणी मकरंदकडे होती आणि त्याने, केवळ मजा म्हणून, यतीनला दहा मिनिटं दिली. त्याच सुमारास अमेरिकेतून तिसऱ्या अल्बमची नवी आवृत्ती निघाली. मूळ टेपवरून साफ केलेली, आणि स्टुडिओतलं सगळं बोलणं न कापता ठेवलेली. यतीनने ती मागवली आणि आली तरी उघडली नाही. "सगळ्यांसमोर उघडणार," तो म्हणाला. "आपला माणूस आणखी काय काय बोललाय ते सगळ्यांनी एकदम ऐकायचं. कदाचित नावही सांगत असेल."

कार्यक्रम जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. आवाजाची जबाबदारी जुईकडे. मी निवेदनाचा माईक ठेवायला तिच्या टेबलाशी गेले तर पोरीचा चेहरा उतरलेला.

"काय झालं गं?"

"आंटी, यू कान्ट लेट हिम प्ले इट."

"का?"

तिने इकडेतिकडे बघितलं. "इट्स नॉट मराठी. ही सेज, 'जो, द रील'. लाइक, देअर्स अ गाय कॉल्ड जो, अँड द टेप रील इज फिनिशिंग. द ओल्ड रेकॉर्ड जस्ट कट्स ऑफ ॲट 'री'. आय हर्ड द न्यू वन ऑनलाइन."

मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. जो, द री. जो द री. जाऊ दे रे.  इतकी वर्षं कुंपणापलीकडून ऐकत होते आणि मलाही "जाऊ दे रे"च ऐकू येत होतं, कारण यतीनने आधी सांगून ठेवलं होतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"सिन्स आय वॉज लिटल. आय आस्क्ड मम, हू इज जो? शी सेड, डोन्ट यू डेअर." ती जरा हसली. "ही वॉज सो हॅपी, एह."

म्हणजे सुरुचीलाही माहीत होतं! अख्खं घर एका माणसाचा आनंद सांभाळत बसलं होतं आणि तो बिचारा आता माईकवर उभा राहून तो आनंद शंभर लोकांसमोर फोडणार होता. त्यात माझा नवरा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून, हसायच्या तयारीत.

मी धावत यतीनकडे गेले. म्हटलं, "वेळ कमी आहे, तुझं पुढच्या वर्षी ठेवू."

"दहाची पाच मिनिटं करतो."

"वडे गार होतायत."

"माझ्या वाटचे तुम्ही घ्या, वहिनी."

"निदान जुनी रेकॉर्ड तरी लाव. जुन्याची मजा वेगळी."

"ती घरी आहे," तो म्हणाला, आणि नव्या डब्यावरून हळुवार हात फिरवला.

मी परत जुईकडे आले. तिने उपाय काढून ठेवला होता. रेकॉर्ड लावायची, "री" ऐकू आलं की त्याच क्षणी आवाजाची पट्टी खाली ओढायची. पुढचं कुणाला कळणार नाही. "स्वीट ॲज," ती म्हणाली, म्हणजे एकदम झकास.

यतीन उभा राहिला. "किया ओरा आणि नमस्कार मंडळी! आधी इथला नमस्कार, मग आपला." मग रिकार्टनची खोली, नापास झालेली परीक्षा, तोंडातली वाफ, सगळं सांगितलं. लोक ऐकत होते. मकरंदसुद्धा हाताची घडी सोडून ऐकायला लागला. हा भाग त्याला माहीत नव्हता. यतीन टपालपेटीवाल्यांबद्दल बोलतो, स्वतःबद्दल कधी बोलत नाही. मग त्याने सगळ्यांसमोर डबा उघडला, रेकॉर्ड जुईच्या टेबलावरच्या प्लेयरवर ठेवली आणि शेवटच्या गाण्यावर स्वतः सुई टेकवली.

गाणं झालं. गिटार थांबली. जुईने पट्टीवर बोट ठेवलं. आणि यतीनला वाटलं की आवाज कमी आहे.

"जुई, फुल्ल कर! मागच्यांना ऐकू येत नाही!" असं म्हणत त्याने तिचा हात बाजूला केला आणि पट्टी स्वतःच वरपर्यंत सरकवली.

हॉलच्या चारही कोपऱ्यांतून, गॅरेजच्या दारात उभं राहून ओरडावं तसं, एक अमेरिकन माणूस म्हणाला, "जो, द रील्स रन आऊट, मॅन!" मग दुसरा, बहुधा जो, म्हणाला, "ओह, शूट." आणि रेकॉर्ड संपली.

 मागे एक खुर्ची करकरली. मकरंदने तोंड उघडलं, तेवढ्यात मी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की ते मिटलंच. पण त्याला हसू आलेलं नव्हतंच. नंतर तो म्हणाला की त्याला "टाळ्या वाजवा" म्हणायचं होतं. माझा विश्वास आहे.

यतीन नुसता उभा होता. हातात रिकामं कव्हर. "म्हणजे," तो म्हणाला, "म्हणजे तो..."  कव्हर त्याने उलटं केलं, सुलटं केलं. इतकी वर्षं पाठीवर असलेला हात आज निघून गेला, हे मला दिसत होतं, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. वडे, घड्याळ, निवेदन, काही सुचेना. सुरुची खुर्चीतून अर्धी उठली होती.

तेवढ्यात स्पीकरमध्ये खरखर झाली. जुईने माझा माईक उचलला होता. तिने एक मोठा श्वास घेतला, तोही सगळ्यांना ऐकू आला.

"जाऊ दे रे, बाबा."

"दे"मधला द जाड होता, "रे"मधला र पार मागे घशाकडे वळलेला. असं मराठी मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या पोरीच्या तोंडून तर कुठलंच मराठी वाक्य ऐकलं नव्हतं.

यतीनने वर पाहिलं. "काय म्हणालीस?"

जुई लालबुंद झाली. पण माईक खाली ठेवला नाही. "जाऊ दे रे."

"परत म्हण."

"बाबा! एव्हरीवन इज..."

"परत म्हण ना."

"जाऊ दे रे," ती म्हणाली, आणि आता हसत होती. लोकही हसायला लागले, सुरुची रडायला लागली आणि यतीन कव्हर छातीशी धरून, डोळे मिटून म्हणत होता, "परत."