मास्तरांनी घातलेली लेकीची बंडी

श्वास हे देवाचे देणे, सज्जनहो. तो मोजून कुणाला मिळत नाही, म्हणून आपणही तो कधी मोजत नाही. पण आमच्या गल्लीतल्या शिंपी मास्तरांच्या दारी एकदा तो मोजायची वेळ आली, आणि त्या भल्या माणसाच्या तोंडचे पाणी पळाले.

मास्तरांचे दुकान एवढेसे. एक मशीन, एक आरसा, लाकडी फळीवर खडूच्या रेघा. आणि नेम एकच: स्वतःच्या अंगाला लावून पाहिल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही. सदरा असो, कोट असो, झालरीचा झगा असो! झगा छातीशी धरून ते आरशापुढे उभे राहिले की रस्त्यावरची माणसे थांबत. मास्तर लाजत नसत. "टोचलं तर आधी मला टोचू दे," म्हणत.

त्यांची लेक चिमणी नऊ वर्षांची. तिला दमा, रात्री छातीत शिट्टी वाजे. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी एके दिवशी एक बंडी पुढे ठेवली. आत बारीक तारा, खिशात छोटी डबी; ती रात्रभरचा श्वास टिपून थेट इस्पितळात धाडणारी. दम्याची मुले झोपेत श्वास कसा घेतात, याचा अभ्यास चालला होता. मुलांनी महिनाभर ही बंडी घालून निजायचे.

"औषध नाही, सुई नाही," बाई म्हणाल्या. "पण आई, वडील आणि चिमणी, तिघांचाही होकार हवा. घरी नेऊन नीट पाहा. मात्र ठरेपर्यंत तिला घालू नका."

घरी वादाला तोंड फुटले.

"अहो, दम कधी लागतो ते कळेल तरी," चिमणीची आई म्हणाली.

"माझी पोर काय नमुन्याचं कापड आहे? कुणीही यावं न् कात्री चालवावी?"

"कात्री कुठनं आली? बंडी आहे ती!"

"तारा आहेत आत. झोपेत चटका बसला तर?"

"मग नाही म्हणून सांगा."

"आणि उद्या तिचा दम वाढला तर? तूच म्हणशील, का नाही म्हणालात!"

"हो नाही, नाही नाही! माप देताना गिऱ्हाइकानं नुसतं हलत राहावं, तसं झालंय तुमचं."

पाहा हो बापाचे काळीज! परक्याच्या कपड्यासाठी जो टोचून घेतो, तो लेकीसाठी काय करणार नाही? मास्तर आपल्या नेमाला शरण गेले. नऊ वर्षांच्या पोरीची बंडी त्यांच्या पोटावर कशी यावी? त्यांनी अलगद शिवणी उसवल्या, दोन्ही कुशींना पट्ट्या जोडल्या, तारांना धक्का लागू दिला नाही, आणि देवाचे नाव घेऊन, डबीचे बटण दाबून ते आडवे झाले.

सकाळी दुकान उघडतात तोच फोन. पलीकडे डॉक्टरीणबाई. "मास्तर, घालू नका म्हटलं होतं ना! आता राहू दे ते. चिमणीला घेऊन आधी इकडे या. झोपेत श्वास थांबतोय तिचा! आणि घोरणं... एवढ्याशा मुलीचं एवढं घोरणं मी जन्मात ऐकलं नाही!"

मास्तरांच्या हातून कात्री पडली. चिमणी समोरच रिळांचा मनोरा रचत होती, खुशाल. आईने फोन हिसकावला, ऐकला, आणि हसता हसता मटकन खाली बसली.

"बाई, ती आमची चिमणी नव्हे हो, ते आमचे हे! वर्षानुवर्षं सांगतेय, झोपेत श्वास अडकतो तुमचा. तर म्हणतात, तुला भास होतो!"

तिघेही इस्पितळात गेले. रुंद झालेली बंडी बाईंनी उचलून धरली. रागवायचे त्यांनी ठरवले होते, जमले नाही. "मास्तर, तुमचीही तपासणी करायची. हे थट्टेवारी न्यायचं नाही."

"करू," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "चटका काही बसला नाही. आणि जे मी बायकोचं ऐकलं नाही, ते हिनं एका रात्रीत ऐकवलं. मग पोरीची शिट्टीही ऐकेल. माझा होकार. पण तिला मधेच नको वाटलं तर?"

"तर काढून ठेवायची. कारणही विचारणार नाही."

"म्हणजे कच्चा टाका. ओढला की सुटला." मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

आता सगळ्यांनी चिमणीकडे पाहिले. तिने बंडी हातात घेतली, उलटसुलट केली, नाकाशी धरली.

"घालीन," ती म्हणाली, "पण ही नको. हिला बाबांचा वास येतोय. नवी द्या."