मंत्र्यांचा मांडव

"हात लावून बघा," असं म्हणत शेठ समोरच्याचं मनगट धरायचे आणि त्याचा हात आपल्या मालकीच्या एखाद्या वस्तूवर नेऊन ठेवायचे. हाच त्यांचा नमस्कार.

विटांच्या धंद्यातली ही सवय. वीट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, दुसऱ्या विटेवर वाजवून दाखवायची, वर हात फिरवायला लावायचा. विटेपुरतं ते ठीक होतं. पण शेठनी ती सवय घरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याला, मुलाच्या लग्नातल्या सोफ्याला आणि स्वतःच्या दंडालाही लावली. एकदा ऐन वैशाखात त्यांनी माझा हात नव्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला. चटका बसून मी हात मागे घेतला, तर म्हणाले, "बघितला ना, काय पत्रा हाय."

शहापूरहून मुरबाडकडे जाताना रस्त्याला लागून त्यांची वीटभट्टी होती. मी जवळच्याच सरकारी गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. डॉक्टर नव्हे. पण गुराला सुई टोचणाऱ्या प्रत्येकाला आमच्याकडे डॉक्टरच म्हणतात आणि मीही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. शेठच्या दोन म्हशी होत्या, त्यामुळे ओळख झाली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ते कोणाशी मुद्दाम वाईट वागत नसत. समोर कोणी आहे हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत त्यांचं बोलणंच संपलेलं असायचं, एवढंच.

पलीकडच्या भट्टीवाल्याने शर्यतीची बैलजोडी घेतली, तेव्हा शेठनी कुत्रा आणला.

दवाखान्यासमोर गाडी थांबली. मागच्या सीटवरून पांढरं-तपकिरी, दाट केसांचं, वासराएवढं काहीतरी उतरलं. रांगेतली एक गाय दावं तोडून पळाली. "हात लावून बघा," शेठ म्हणाले. "सेंट बर्नार्ड. बर्फातला हाय. तिकडं बर्फात गाडलेली माणसं हुडकतो."

मी हात लावला. बोटं मनगटापर्यंत केसांत गेली. आमच्या तालुक्यात बर्फ फक्त मासळीच्या पेटीत आणि रसवंतीत असतो, हे त्यांना सांगावंसं वाटलं. पण थंडीचे दिवस होते, कुत्रा खुशीत होता आणि शेठ त्याहून खुशीत होते. पौषात त्यांनी त्याला म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेतही फिरवून आणलं. तिथे बैल पाहायला आलेला एक म्हातारा त्याच्याभोवती फेरी मारून म्हणाला, "दूध किती देतो?" शेठ त्या म्हाताऱ्यावर आठवडाभर रागावले होते.

शेठनी त्याचं नाव लायन ठेवलं. भट्टीवरच्या माणसांनी ते ऐकून घेतलं आणि आपलं वेगळं ठेवलं. हा प्राणी गार गाडीतून उतरतो, दोन-चार लोकांबरोबर फोटो काढून घेतो, काही काम न करता चिकन खातो आणि परत गार गाडीत जाऊन बसतो. म्हणून तो मंत्री. "मंत्री आलं," "मंत्री निजलं," असं सगळीकडे सुरू झालं. महिन्याभराने लायन म्हटल्यावर कुत्रा मान वळवेनासा झाला आणि शेठनाही मंत्रीच म्हणावं लागलं.

फाल्गुन संपता संपता मंत्र्यांची जीभ बाहेर आली ती आत जाईना. शेठ दवाखान्यात आले. "डॉक्टर, याची हजामत करून टाका. पार गोटा."

माझी सगळी विद्या म्हशीवर झालेली. मी कल्याणला आमच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, अजिबात भादरू नका, वरचे केस उन्हापासून कातडी वाचवतात. आतली लव रोज विंचरून काढा. फिरवायचं ते पहाटे. दुपारी सावली, वारा आणि पाणी. मी हे सगळं शेठना सांगितलं. त्यांनी ते गंभीरपणे ऐकलं आणि विंचरायचं काम मुनीमजींना दिलं. भट्टीचा हिशोब बघणारा तो सज्जन माणूस रोज सकाळी कंगवा घेऊन मंत्र्यांच्या पाठीशी बसू लागला.

घरात पुढच्या खोलीत कुत्र्यासाठी एसी बसला. शेठची आई तोवर ओटीवर पुठ्ठ्याने वारा घेत बसायची. तिने न विचारता आपली खाट त्या खोलीत हलवली. मी म्हशीला बघायला गेलो, तर म्हातारी कुत्र्याशेजारी पांघरूण घेऊन पडलेली. म्हणाली, "उभा जन्म भट्टीवर रापले. कुत्र्याच्या पायगुणानं गारवा मिळाला बघा." शेठ शेजारीच उभे होते. ते मला एसीच्या जाळीवर हात लावून बघा म्हणाले.

पण कुत्रा घरातच राहिला तर लोकांनी तो बघायचा कधी? चैत्रातल्या एका दुपारी कल्याणहून बिल्डर येणार होता. शेठ मंत्र्यांना घेऊन भट्टीवर गेले आणि रचलेल्या विटांच्या थप्पीपुढे साखळीने बांधून ठेवलं. बिल्डरला उशीर झाला. भट्टीची जागा तुम्ही पाहिली असेल. एका बाजूला धगधगती भट्टी, मध्ये वाळत घातलेल्या विटा, आणि झाडं केव्हाच भट्टीत गेलेली.

मला मुनीमजींचा फोन आला. "डॉक्टर, मंत्री पडले." क्षणभर मला वाटलं, मुंबईत काहीतरी झालं. मग कळलं. म्हटलं, सावलीत न्या, पोटावर, मांड्यांत, पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला. पाठीमागून शेठचा आवाज आला, "बर्फाची लादी आण." म्हटलं, बर्फ लावू नका, साधं पाणी. मग मुनीमजींनी विचारलं, "सावली कुठाय?"

मोटारसायकलवरून मी पोचलो तेव्हा थप्पीपाशी नुसती साखळी पडली होती. विटा पाडणाऱ्या एकाने कोपीकडे बोट दाखवलं. कोपी म्हणजे भट्टीवरच्या मजुरांची झोपडी. कच्च्या विटा एकावर एक रचायच्या, वर पेंढा टाकायचा आणि वाकून आत शिरायचं. ती कोपी बारकीची होती. बारकी आणि तिचा नवरा डोळखांबच्या वरच्या एका पाड्यावरून दर दिवाळीनंतर भट्टीवर यायचे आणि पावसाच्या तोंडाशी परत जायचे. तो माती कालवायचा, ती साच्यातून विटा पाडायची.

आत शेठ मातीत फतकल मारून बसले होते. पांढरी लिननची पँट चिखलाने भरलेली. कुत्र्याचं डोकं मांडीवर. त्याची लाळ चिकट झाली होती, हिरड्या काळपट लाल पडल्या होत्या, आणि डोळे उघडे असून कुठेच बघत नव्हते. शेठ बारकीच्या सुपाने वारा घालत होते आणि बारकी कळशीने त्याच्या पोटावर पाणी ओतत होती. ते पाणी टँकरचं, त्या दिवसाचं पिण्याचं होतं. कोपऱ्यात आडव्या बांधलेल्या साडीच्या झोळीत तिची तान्ही मुलगी निजली होती. झोळीवर ओलं फडकं टाकलेलं.

मी कुत्र्याला सलाईन लावलं. करण्यासारखं बाकी काही नव्हतं. पाणी, वारा आणि वाट बघणं. शेठ थांबले नाहीत. हात दुखला की सूप दुसऱ्या हातात घ्यायचे. बिल्डर आला, हॉर्न वाजवला, मुनीमजी बोलवायला आले. "त्याला सांग, उद्या ये," शेठ म्हणाले. त्यांना मी कोणालाही ताटकळत ठेवताना पाहिलं होतं, पण गिऱ्हाइकाला नाही.

बऱ्याच वेळाने कुत्र्याचा श्वास जरा खाली बसला. त्याने डोकं उचलायचा प्रयत्न केला आणि शेठचा अंगठा चाटला. शेठनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"गाडीत घालतो," ते म्हणाले. "गाडी गार हाय."

"गाडी उन्हात उभी हाय, शेठ," बारकी म्हणाली. "ऊन कललं की न्या."

मग ते बसून राहिले. घाम त्यांच्या भुवयांवरून गळत होता. त्यांनी एकदा छपराकडे पाहिलं, एकदा झोळीकडे. "इथं लय गरम होतं," ते म्हणाले.

"होतं," बारकी म्हणाली. "आज वारा हाय म्हणून बरं."

इथून पुढे शेठ सुधारले असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही शेठना पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी भट्टीच्या कडेला बांबू रोवले, वर पेंढा आणि हिरवी जाळी घातली, पाण्याचं पिंप ठेवलं आणि सगळ्यांना जमवून सांगितलं, "हा मांडव कुत्र्यासाठी हाय. कोणी बसायचं नाय."

मंत्री बरे होऊन आले, मांडवात बांधले गेले आणि रडू लागले. एवढं मोठं धूड पोराबाळांसारखं हुंदके देत होतं. दिवसभर साखळी ओढली, पाणी पिईना. संध्याकाळी बारकी आली, मांडवाच्या दोन बांबूंना झोळी बांधली, मुलगी आत घातली आणि विटा पाडायला गेली. कुत्रा झोळीखाली जाऊन पसरला आणि घोरू लागला.

शेठ दुरून बघत होते. मुनीमजी झोळी काढायला घाईने निघाले, तसे शेठ म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्याला सोबत लागते."

आठवडाभरात मांडवात आणखी झोळ्या आल्या. मग मांडव वाढला. "कुत्रा मोठा हाय, हातपाय पसरायला जागा नको?" शेठ म्हणाले. झालेल्या मांडवात दहा कुत्रे आणि एक बैलजोडी मावली असती. मग दुपारचं काम बंद झालं. पहाटे सुरू करायचं, ऊन चढलं की थांबायचं, कलल्यावर पुन्हा. मुनीमजी कुरकुरले, तेव्हा शेठनी माझं नाव सांगितलं. "डॉक्टरांनी मंत्र्याला दुपारची शांतता सांगितलीय. माणसं काम करतात तर त्याला झोप लागत नाय."

मी असं काही सांगितलं नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कोणी माझ्या नसलेल्या सल्ल्याने इतकं नेमकं वागत होतं.

टँकरच्या दोन फेऱ्या होऊ लागल्या, त्याही कुत्र्याच्या आंघोळीसाठी. मजूर हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नाही. माणसाला माणसासाठी काही करायचं म्हटलं की केवढी लाज वाटू शकते, हे मी त्या उन्हाळ्यात पाहिलं. आणि कुत्र्याला ऊन लागेपर्यंत त्याच जागी, त्याच उन्हात, बारकी किती वर्षं विटा पाडत होती, हे शेठना कोणी विचारलं नाही. मीही नाही.

बारकीने मात्र दुसरंच विचारलं. माणसं पाड्यावर परत निघाली त्या दिवशी मी लसीकरणासाठी तिकडे होतो. डोक्यावर बोचकं, कडेवर मुलगी घेऊन ती शेठसमोर उभी राहिली. "शेठ, मंत्री मेला तर मांडव काढाल का?"

शेठनी खिशातून फोन काढला, त्यावर कोणाचा फोन आलेला नव्हता, तरी कानाला लावला आणि गाडीकडे चालू लागले.

मंत्री आणखी दोन उन्हाळे जगले. या जातीचे कुत्रे मुळातच फार जगत नाहीत. श्रावणात, छान गारव्यात, ओटीवर म्हातारीच्या पायाशी झोपले ते उठले नाहीत. शेठनी त्यांना शेताच्या बांधावर पुरलं. खड्ड्यात उतरायला दुसऱ्या कोणाला दिलं नाही. वर आल्यावर मला म्हणाले, "वजन लय होतं." एवढंच.

दिवाळीनंतर माणसं आली. ऊन तापू लागलं. दर पावसात मांडव उतरायचा; होळीच्या आधी एक दिवस पुन्हा बांबू येऊन पडले. मांडव उभा राहू लागला. मुनीमजींनी भीत भीत विचारलं, "शेठ, आता कोणासाठी?"

"नवीन कुत्रा आणणार हाय," शेठ म्हणाले. "जागा तयार नको?"

त्या वर्षी कुत्रा आला नाही. पुढच्या वर्षीही मांडव उभा राहिला आणि कुत्रा यायचाच होता. शेठ मला भेटले की सांगायचे, पुण्याला बोलणं चाललंय, पिल्लू लहान हाय, आई सोडत नाय. मी विचारायचो, "जात तीच ना?" ते म्हणायचे, "तीच. मोठी." आणि आम्ही दोघं मांडवाखाली खाटेवर बसून चहा प्यायचो. पाच-सहा झोळ्या हलत असायच्या. एकदा बारकीची मुलगी, आता चार वर्षांची, त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. शेठनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग हळूच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गेल्या पावसाळ्यात शेठ गेले. झोपेतच. मुलाने रस्त्यावर श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लावला. गॉगल घातलेला, हसरा फोटो. शेजारी मंत्री. मुलाला तो कापायचा होता, पण शेठचा हात कुत्र्याच्या गळ्यात होता आणि कुत्रा कापला तर खांदा जात होता. म्हणून दोघांनाही भावपूर्ण श्रद्धांजली मिळाली.

भट्टी बंद झाली. जागेवर आता प्लॉट पाडले आहेत.

या चैत्रात मुरबाडच्या पुढे एका भट्टीवर शेळ्यांना लस द्यायला गेलो होतो. भर दुपार होती. वाळत घातलेल्या विटांच्या ओळींमधून डोक्यावर पदर घेतलेली एक बाई साचा मारत येत होती. जवळ आल्यावर ओळखली. बारकी. मुलगी थप्पीच्या वीतभर सावलीत अंग चोरून बसली होती.

मी विचारलं, "इथं मांडव नाही?"

तिने हातातला साचा पाण्यात बुडवला, झटकला, भट्टीच्या मालकाच्या गाडीकडे एकदा पाहिलं.

"या शेठला कुत्रा नाय," ती म्हणाली आणि पुढची वीट पाडायला वाकली.