गेरविन ग्रोटहाउसचा रविवार

आमच्या गल्लीतला रविवार देवाचा आहे, असं पाद्रीबाबा म्हणत. प्रत्यक्षात तो गेरविन ग्रोटहाउसचा होता.

आमच्याकडे रविवारी आवाज करायला कायद्याने मनाई आहे. तरी कोणी भिंतीला खिळा ठोकला, किंवा रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या काचेच्या कचरापेटीत खळ्ळकन टाकल्या, की थोड्याच वेळात गेरविन दारात उभा. कपडे इस्त्रीचे, आवाज शांत. "आज कोणता वार आहे?" एवढंच विचारायचा. चांगली कर्तीसवरती माणसं मान खाली घालून "रविवार" म्हणायची आणि तो "बरं" म्हणून निघून जायचा. शेजारच्या ट्योनीसने एकदा उत्तर द्यायचं सोडून ड्रिल मशीन चालूच ठेवलं, तेव्हा गेरविनने सरळ पोलिसांना कळवलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. गेली दहा-अकरा वर्षं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून दोघे आपापली झुडपं कातरतात आणि एकमेकांकडे न बघता उंची मात्र तंतोतंत सारखी ठेवतात.

याची सुरुवात खडूसपणातून झाली नव्हती. त्याची बायको रोस्विता इस्पितळात नर्स होती. शनिवारची रात्रपाळी करून ती रविवारी सकाळी घरी यायची आणि दुपारपर्यंत झोपायची. ती झोप मोडू नये म्हणून गेरविन पहारा द्यायला लागला. पुढे ती निवृत्त झाली, रात्रीची झोपू लागली, पहारा मात्र सुटला नाही. प्रेमापोटी लागलेली सवय बाहेरून खडूसपणासारखीच दिसते, आणि गेरविनने कधी कोणाला खुलासा केला नाही.

पाहुण्या विद्यार्थ्याची कल्पना रोस्विताची. म्युन्स्टरला शिकायला आलेल्या परदेशी मुलांना शनिवार-रविवार कोणाच्या तरी घरी राहायला पाठवायची एक योजना होती. मुलगा कॅनडात स्थायिक झाल्यापासून वरची खोली रिकामी होती. तिने नवऱ्याला न विचारता नाव नोंदवून टाकलं.

"कोण येतोय?" गेरविनने विचारलं.

"केनियाचा मुलगा. किप्रोनो. इंजिनियरिंगला आहे."

"खातो काय?"

"ते तोच सांगेल. तू त्याला खाऊ दे म्हणजे झालं. प्रत्येक घासाला नियम सांगू नकोस."

किप्रोनो शुक्रवारी संध्याकाळी आला. उंच, किडकिडीत, आणि भरलेली कपबशी नेल्यासारखा जपून जर्मन बोलणारा. आम्हाला नावानेच हाक मार, असं रोस्विताने सांगितलं. ते काही त्याच्याने होईना, म्हणून तो कोणालाच हाक न मारता बोलू लागला. गेरविनने त्याला घर दाखवलं. कुठला कचरा कुठल्या डब्यात, खिडकी तिरकी कशी उघडायची, चपला कुठे काढायच्या, सगळं समजावून सांगितलं. रविवारचं तेवढं सांगितलं नाही. पाणी ओलं असतं हे काय कोणी पाहुण्याला सांगतं?

शनिवारी सगळी गल्ली गवत कापते. त्या दिवशी नेमकं गेरविनचं मशीन चालू होईना. त्याने दोरी ओढली, पुन्हा ओढली, मशीनला लाथ मारली, मग आजूबाजूला बघून लाथ मारलेली जागा पुसली. पलीकडे ट्योनीसचं मशीन मजेत घरघरत होतं. ट्योनीस कापलेल्याच पट्ट्यावरून तिसऱ्यांदा फिरला.

"मी बघू का?" किप्रोनोने विचारलं.

"पाहुण्याने बसायचं," गेरविन म्हणाला.

दुपारी साऱ्या गल्लीची अंगणं तासून तुळतुळीत झाली. यांचंच तेवढं दाढी न केलेलं राहिलं. संध्याकाळी पाव, चीज, हॅम आणि काकडीचं लोणचं मांडलं होतं. किप्रोनो खिडकीतून त्या गवताकडे बघत म्हणाला, "आमच्या घरी पहिला दिवस पाहुण्याचा. दुसऱ्या दिवसापासून काहीतरी काम हातात घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर आई विचारते, परका आहेस का?"

"इथे तुझं काम उद्या तीन वाजता केक खायचं," रोस्विता म्हणाली.

तो हसला, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. तो वर गेल्यावर भांडी पुसता पुसता रोस्विता म्हणाली, "पोरगं गोड आहे रे. त्याला पुन्हा यावंसं वाटलं पाहिजे. घरात तिसऱ्या माणसाचा आवाज आला, मला किती बरं वाटलं."

गेरविनने पुसलेली बशी पुन्हा एकदा पुसली. त्यालाही तेच वाटत होतं.

रविवारी सकाळी गल्ली गाढ झोपेत असताना मशीनचा आवाज सुरू झाला. गेरविन ताडकन उठून बसला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. इतका मोठा गुन्हेगार गेल्या कित्येक वर्षांत हाती लागला नव्हता. इस्त्रीचे कपडे शोधत तो खिडकीशी गेला आणि त्याने पडदा सारला. गुन्हा त्याच्याच अंगणात चालला होता. किप्रोनो मशीन ढकलत होता आणि तोंडाने काहीतरी गात होता. अर्धं अंगण कापून झालं होतं.

गेरविन तसाच ड्रेसिंग गाऊनवर जिन्याकडे धावला. रोस्विताने त्याची बाही धरली.

"काय सांगणार आहेस त्याला?"

"आज कोणता वार आहे ते."

"सांग, आणि मग बघ. ते पोर शरमेने मरेल. केक न खाता जाईल आणि पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही."

"रोस्विता, सगळी गल्ली बघतेय. माझी अब्रू जातेय तिथे!"

"जाऊ दे ना. इतकी वर्षं सांभाळलीस, केलंस काय तिचं?"

गेरविन अंगणात पोचला. किप्रोनोने मशीन बंद केलं. अचानक झालेल्या शांततेत आजूबाजूच्या खिडक्या उघडल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

"स्पार्क प्लग काळा पडला होता!" किप्रोनोचा चेहरा नुसता फुलला होता. "घासला, लगेच सुरू झालं. म्हटलं, तुम्ही उठायच्या आत करून टाकू."

गेरविनने तोंड उघडलं. जन्मभर जे वाक्य आपोआप बाहेर पडायचं ते या चेहऱ्यासमोर बाहेर येईना. थांब म्हणावं तर पोरगं 'का?' म्हणून विचारणार. मग त्याने मशीनचा दांडा हातात घेतला.

"झकास काम केलंस. आता उरलेलं मी करतो. तू आत जा, गरम पाव आलेत."

आणि गेरविन ग्रोटहाउसने रविवारी सकाळी, ड्रेसिंग गाऊनमध्ये, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत गवत कापलं. उरकून टाकण्यासाठी वाकडंतिकडं नाही, सरळ पट्ट्यांत. शरमेने त्याचे कान लाल झाले होते, पण पट्टे सरळ होते.

पोलिसांना फोन कोणी केला ते आजवर उघड झालेलं नाही. उमेदवार भरपूर होते. आली ती एक तरुण पोलीसबाई. हसू दाबायचा तिने प्रामाणिक प्रयत्न केला.

"ग्रोटहाउस? म्हणजे एरवी आम्हाला फोन करणारे तेच तुम्ही?"

"तोच मी."

"एकाचं म्हणणं, गाऊन घातलेले गृहस्थ होते. दुसऱ्याचं म्हणणं, एक तरुण मुलगा होता. मुलगा कुठे आहे? नवीन असेल तर त्याला नियम समजावून सांगते, म्हणजे पुन्हा असं होणार नाही."

आत स्वयंपाकघरात किप्रोनो पावाला लोणी लावत होता. त्याचं हसणं बाहेर ऐकू येत होतं.

"मुलगा वगैरे कोणी नाही," गेरविन म्हणाला. पोलिसांशी तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता आणि ते त्याला मुळीच जमत नव्हतं. "पहिल्यापासून मीच होतो."

पोलीसबाई कुंपणाकडे वळली. तिथे ट्योनीस केव्हाचा उभा होता, हातात कॉफीचा कप घेऊन. "तुम्ही शेजारी. तुम्ही काय पाहिलंत?"

ट्योनीसने सगळं पाहिलं होतं. त्याने गेरविनकडे पाहिलं, सावकाश. गेरविनने नजर खाली वळवली. याला आता एक शब्द पुरे, आणि तो बोलायचा याला पुरेपूर हक्क आहे, हे त्याला कळत होतं.

"गेरविनच होता," ट्योनीस म्हणाला. "पहिल्यापासून. मी खिडकीतून हललोच नाही बाई. असा योग काय रोज येतो?"

तोंडी ताकीद देऊन ती गेली. ट्योनीस तिथेच उभा होता.

"कडेचं राहिलंय," तो म्हणाला.

"उद्या करीन," गेरविन म्हणाला.

दुपारी तिघांनी केक खाल्ला. संध्याकाळी नवराबायको किप्रोनोला बसपर्यंत सोडायला गेले. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने गेरविनला जरा जास्तच अदबीने नमस्कार केला. तुम्हाला इथे केवढा मान आहे, असं किप्रोनो म्हणाला.

"पुढच्या वेळी कडेचंही करून टाकतो," बस दिसली तेव्हा तो म्हणाला. "रविवारी लवकर उठतो मी."

"शनिवारी कर," गेरविन म्हणाला. "रविवारी मला झोपू दे."

"चालेल. मग केव्हा येऊ?"

रोस्विताने नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. गेरविनने घसा साफ केला.

"आमच्याकडे गवत आठ दिवसांत वाढतं," तो म्हणाला.