साड्या नेसलेली डाळिंबं

दौंडपासून केंदूरपर्यंत कुणाच्या कपाटात कुठली साडी किती विरलीय, हे माझ्या थोरल्या नणंदेइतकं त्या साड्यांच्या मालकिणींनाही ठाऊक नसेल. आक्कांचं केंदूरला अर्धा एकर रान. पूर्वी तिथं बाजरी-मटकी व्हायची; पण पावसाचा भरवसा राहिला नाही, म्हणून त्यांनी ठिबक टाकून डाळिंब लावलं. मग ऊन असं तापू लागलं की फळं झाडावरच भाजून काळी पडायला लागली. तेव्हापासून आक्का झाडांना साड्या नेसवतात. आमच्याकडे दौंडला आल्या की पाणी प्यायच्या आधी त्यांची नजर वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते. भाचीच्या लग्नात तर त्यांनी विहीणबाईंचा पदर चिमटीत धरून, ही कवा जुनी व्हईल, असं अगदी निरागसपणे विचारलं होतं. विहीणबाईंनी पुढच्याच महिन्यात ती धाडून दिली. उन्हाळ्यात आक्कांच्या रानात गेलं की सगळं गणगोत भेटतं. झाडांनाही त्या साडीवालीच्या नात्यानंच ओळखतात. 'विहीणबाईंला कीड लागलीया' हे फोनवर ऐकून माझे यजमान एकदा खरंच घाबरले होते.

एक लुगडं मात्र मी दिलं नव्हतं. सासूबाईंचं, नऊवारी. त्या गेल्यापासून माझ्या कपाटात होतं. आक्कांना ते माहीत होतं, पण आपल्या आईचं असूनही त्यांनी कधी मागितलं नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्येच रान तापलं. आक्कांचा फोन आला. साड्या संपल्या होत्या, कडेची दोन झाडं उघडी होती आणि फळं लिंबाएवढी झाली होती. मागितलं काहीच नाही, नुसतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी लुगडं पिशवीत घालून एसटीत बसले.

आक्कांनी ते उलगडलं, नाकाशी धरलं आणि बांधावर बसून राहिल्या. मला वाटलं, परत देतील. पण त्या म्हणाल्या, "आईनं जलमभर लोकाच्या रानात खुरपलं. आज लेकीच्या रानात आली बघ." मग आम्ही दोघींनी दोन टोकं धरून ते झाडांवर बांधलं.

जुलैत फळं उतरली. एकालाही डाग नव्हता. व्यापाऱ्याला आक्कांनी ती दोन झाडं दाखवलीच नाहीत. पाटी भरून आमच्याकडे घेऊन आल्या. लुगडं धुऊन, घडी घालून आणलं होतं. लाल काठ पार गुलाबी झाला होता आणि मध्ये जाळी पडली होती. पुढच्या वर्षी लागेल ना, मी विचारलं. घडीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "न्हाई गं. लई थकलंय ते. आता तुझ्यापाशीच राहू दे."