न रडणारं बाळ

आमच्या सोसायटीत कुणाकडे बाळ यायचं असलं की मला विचारायला येतात. मी भराभर सांगते. सुती लंगोट आधी धुवून ठेवा. नखं बाळ झोपलेलं असताना काढा. डोळ्यांत काजळ नको, खोलीत ओवा-शेपांची धुरी नको. शेवटचं जे सांगते ते मात्र कुणाला पटत नाही: तान्हं बाळ रडत नसेल तर खूश होऊ नका.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला वसईला माझ्याकडे आली होती. तयारी मी सातव्या महिन्यापासूनच केली होती. अहळीव निवडून, डिंक तळून, दवाखान्याची फाइल दाराजवळ. नातू झाला, घरी आला आणि झोपला. मग झोपतच राहिला. पावसाळ्यात आमच्या गॅलरीत कपडे वाळता वाळत नाहीत, पण त्याचे लंगोट इतके कमी निघत की दोरी मोकळीच असे. मला ती सोयच वाटली.

पाचवीला गिरीजहून विहीणबाई आल्या, वाडीतली केळी घेऊन. पाटा-वरवंटा पुजला. सटवाईने रात्री येऊन नशीब लिहायचं म्हणून कोरा कागद ठेवला. पेन चालतंय ना ते मी बघून घेतलं.

"किती गुणाचं पोर," विहीणबाई म्हणाल्या. "ह्याच्या बापानं सगळी आळी जागवली होती. हा तुमच्यावर गेलाय, ताई. टाइमटेबल लावून झोपतो."

"आई, ह्याला उठवू का?" लेक म्हणाली. "सकाळपासून नीट ओढलंच नाहीये."

तेवढ्यात झोपेत त्याचे ओठ हलले.

"बघ, सटवाई हसवतेय," विहीणबाई म्हणाल्या. "तिच्याशी खेळणाऱ्या पोराला उठवू नये. भूक लागली की उठेल आपोआप."

मी मान डोलावली. लेकीने उघडलेली बटणं परत लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पायांवर घेऊन अंघोळ घालताना पाणी तोंडावर आलं तरी त्याने डोळे उघडले नाहीत. खिडकीच्या उजेडात नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून सोडलं, तर खालची कातडी हळद लावल्यासारखी. छातीवर दाबलं, तिथेही तेच. तसंच पंच्यात गुंडाळून आम्ही तिघी त्याला घेऊन दवाखान्यात निघालो.

डॉक्टरांनी वजन केलं. ते घटलं होतं. रक्त तपासायला पाठवलं. "दिवसातून शू किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"कमी," मी म्हटलं.

"कावीळ चढली की बाळ झोपाळू होतं. झोपलं की पीत नाही, आणि पीत नाही म्हणून कावीळ आणखी चढते. भुकेने उठेल ह्या भरवशावर राहायचं नसतं. दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं."

"कोवळं ऊन दाखवलं तर?" विहीणबाईंनी विचारलं.

"ऊन आहे कुठे, काकी? आणि असतं तरी आता त्याचं काम नाही. लाइटखाली ठेवू. चमच्याने दूध गेलं तर ठीक, नाहीतर सलाईन लावावं लागेल."

डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला निळ्या उजेडाच्या पेटीत ठेवलं. आत फक्त आईने थांबायचं होतं. आम्ही दोघी काचेबाहेर. नर्सला मी कपडे लागतील का विचारलं, गरम पाणी लागेल का विचारलं. "काही नको, तुम्ही बसा," ती म्हणाली. बसण्याचं काम मला येत नाही.

"ताई, उठवू नका असं मीच बोलले," विहीणबाई म्हणाल्या.

"मीही हो म्हटलं."

आत लेकीने हाताने दूध वाटीत काढलं. नर्सने दाखवलं तसे त्याचे तळवे चोळले, कानाची पाळी चोळली आणि चमचा ओठांना लावला. दूध गालावरून मानेपर्यंत ओघळलं. पुन्हा भरला, पुन्हा ओघळलं. मग तिने काचेतून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी गणित अडलं की पाहायची तसं. मला काहीही येत नव्हतं. मी तिच्याकडे बघत नुसती उभी राहिले.

तिने चमचा पुन्हा भरला. त्याच्या गळ्यापाशी काहीतरी हललं.

विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. "गिळलं का हो?"

"वाटतं," मी म्हटलं.

लेक पुढचा चमचा भरत होती.