पदराखालचं मांजर

मी एसटीत कंडक्टर होते. रत्नागिरी–पावस मार्गावर बरीच वर्षं काढली. आमचं गोळप त्याच रस्त्यावर, त्यामुळे गाडीतले निम्मे लोक ओळखीचे. एका सकाळी भाट्याचा पूल ओलांडताना तिकिटाचं मशीन माझ्या उजव्या हातातून निसटलं. उचलायला वाकले, तर हात माझा नाहीच असं वाटलं. ड्रायव्हरने पुढच्या थांब्यावरून गाडी वळवली आणि प्रवाशांसकट मला दवाखान्यात नेलं. अर्धांगाचा झटका होता. वाचा शाबूत राहिली, पाय हळूहळू चालू लागला. उजव्या हाताची मूठ मात्र मिटली ती मिटलीच.

आजारपणात कसली आलीय लाज, असं लोक म्हणतात. मला त्या दिवसांत दुसरं काही वाटतच नव्हतं. ब्लाउजची हुकं नवरा लावून द्यायचा. रिक्षा चालवून त्याची बोटं जाड झालेली. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, "बघू नका." तेव्हापासून तो तोंड खिडकीकडे करून चाचपत हुकं लावायचा, एखादं चुकायचं, पुन्हा पहिल्यापासून. जेवायचे मी डाव्या हाताने, सगळ्यांची पानं उचलल्यावर, स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून.

शहरातल्या फिजिओथेरपीच्या केंद्रातून मला एक हातमोजा वापरायला मिळाला. प्रत्येक बोटावर रबरी नळी, आणि त्या सगळ्या नळ्या एका डबीला जोडलेल्या. डबी हवा भरायची की बोटं उघडायची, हवा सोडली की मिटायची. तिथली मुलगी म्हणाली होती, घरात वावरताना घालून ठेवा, हाताकडे बघा आणि आपणच उघडतोय असं मनात म्हणा. मी तो घालायचे, पण दार लावून. हवा सुटताना फुस्स असा आवाज यायचा. शेजारी तो ऐकू जाईल म्हणून टीव्ही लावून ठेवायचे.

एका दुपारी दार नुसतं लोटलेलं होतं आणि माझी जाऊ बचत गटाच्या बायकांना घेऊन आत आली. मला बघायला आल्या होत्या. मी घाईने हात पदराखाली घेतला आणि खुर्चीत बसले. डबी मागे खाटेवर राहिली होती, तिच्यावरच्या बटणापर्यंत माझा डावा हात पोचत नव्हता. जावेला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. बायका तब्येतीचं विचारत होत्या, मी बरी आहे म्हणत होते आणि पदर माझ्या मांडीवर फुगत होता, बसत होता. बायका एकमेकींकडे न बघता बोलत राहिल्या.

त्यांच्यात आमची चुलत सासू होती, समोरच्या घरात एकटी राहणारी काकी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तिची नजर सुधारली नव्हती, सावल्या तेवढ्या दिसायच्या. तिने कान दिला. "कसला आवाज येतोय गो? मांजर हाय काय?"

"हो काकी," मी म्हटलं. "मांजराचं पिल्लू आहे."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. जाऊ चहा ठेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी काकी उंबऱ्याशी आली. तिच्या घरात उंदरांनी उच्छाद मांडला होता, भाताची पोती कुरतडली होती. पिल्लू मोठं झालं की मला दे, म्हणाली. मी देते म्हटलं. मग ती मधूनमधून विचारायला येऊ लागली, खातं का, दूध पितं का, रंग कोणता. मी रंगसुद्धा सांगितला. करडा. पुढे पुढे तिच्या काठीचा आवाज आला की मी मागच्या पडवीत जाऊन बसायचे आणि घरात कुणी नाही असं तिला वाटून ती परत जायची.

शेवटी एकदा ती परत गेलीच नाही. आत येऊन बाकावर बसली. मोजा हातात होता, चालू होता. आवाज ऐकून ती म्हणाली, "इथंच हाय की. जरा हात लावू दे."

मला पुढचं खोटं सुचेना. मी तिच्याजवळ बसले, तिचा हात धरून माझ्या हातावर ठेवला. ती नळ्या चाचपू लागली. तेवढ्यात बोटं मिटायची वेळ झाली आणि तिची दोन बोटं माझ्या मुठीत सापडली. ती दचकली, पण हात ओढला नाही. मोजा पुन्हा उघडेपर्यंत आम्ही तशाच बसलो. मी तिला सगळं सांगितलं.

"मंग त्या बायांना ठावं होतं?"

"त्यांना दिसत होतं, काकी."

"म्हंजे मी एकटीच फसली," ती म्हणाली. "मला दिसत नाय म्हणून."

तसं नव्हतं, मी सगळ्यांनाच सांगितलं होतं, असं काहीतरी मी पुटपुटले. पण रंग सांगितला होता तो तिला एकटीला. काकी काठी घेऊन उठली. उंबरा उतरताना मी हात द्यायला गेले, तो तिने धरला नाही.

पुढच्या खेपेला केंद्रात गेले तेव्हा परत येताना एसटी स्टँडच्या कँटीनमागे थांबले. तिथे मांजरी कायम व्यायलेल्या असतात. एक पिल्लू पिशवीत घातलं. रंग मिळाला तो काळापांढरा. माझ्याच मार्गावरची गाडी, कंडक्टर माझ्या हाताखाली शिकलेली. पिल्लू पिशवीतून सारखं वर यायचं, डाव्या हाताने दांडा धरायचा होता, म्हणून मी ते मांडीवर घेतलं आणि उजवा हात वर ठेवला, मोज्यासकट. सगळ्यांनी बघितलं. पुलाजवळ कुणीतरी हाताला काय झालं विचारलं आणि मी सांगितलं. सांगताना कान तापले होते.

काकीने पिल्लू ठेवून घेतलं. माझ्याशी मात्र गणपतीपर्यंत बोलली नाही. बोलली तेव्हाही मांजराचा विषय नव्हता, नारळ उतरवायला माणूस मिळेल का, एवढंच.

मोजा पुढे परत करावा लागला, दुसरं कुणी वाट बघत होतं. बोटं आता अर्धी उघडतात, पिशवी अडकवता येते, हुकं मी पुढून एका हाताने लावते. गाडीवर काही जाता आलं नाही. मला पासांच्या खिडकीवर बसवलं आहे. ती जागा मी स्वतः मागून घेतली. साहेबांना सांगितलं, बसून काम करायला बरं पडेल. खरं म्हणजे त्या खिडकीला खाली फळी आहे आणि बाहेरच्या माणसाला माझा उजवा हात दिसत नाही.