सायकल सुटली त्या दिवशी

घरात तिला लहानपणापासून भिंगरी म्हणत. चाळिशी ओलांडली, केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी ते नाव काही सुटलं नाही. जेवताना मध्येच उठायची, उठल्यावर कशाला उठलो ते विसरायची आणि तशीच खिडकी पुसून परत यायची. फोनवर बोलताना घरभर चकरा मारायची. नवरा म्हणायचा, "आपला फोन चार्ज करायला वीज लागत नाही, हिच्या पायाला वायर जोडली की झालं." ती हसायची, पण चालत चालत.

कामही तिला स्वभावाला शोभेल असंच मिळालं होतं. दुसऱ्यांसाठी सर्वेक्षणं करणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती प्रश्न लिहायची. साबण कोणता वापरता इथपासून शाळा कशी निवडली इथपर्यंत काहीही. त्या वर्षी शहराच्या रस्ते विभागाने काम दिलं. मोठ्या रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी वेगळी पट्टी करायचं त्यांच्या मनात होतं. त्याआधी बायका सायकल चालवतात का, नसतील चालवत तर का नाही, हे त्यांना हवं होतं. सगळं ऑनलाइन, म्हणजे दारोदार फिरायला नको. भिंगरीने प्रश्न लिहिले, लिंक ठिकठिकाणी गेली आणि उत्तरं भराभर यायला लागली.

उत्तरं आली ती अशी. बहुतेक जणींनी कधी ना कधी सायकल चालवली होती. आता चालवणाऱ्या मोजक्याच. आणि का सोडली या प्रश्नाला निम्म्याहून जास्त जणींनी एकाच पर्यायावर बोट टेकवलं होतं: 'गरज वाटत नाही.'

मॅडम, म्हणजे संस्थेच्या प्रमुख, खूश झाल्या. "स्वच्छ उत्तर आहे. अहवाल लिहायला घे."

"जरा जास्तच स्वच्छ आहे," भिंगरी म्हणाली.

"उत्तर नीट आलं म्हणून तोंड पाडणारी माझ्या पाहण्यात तू पहिलीच."

भिंगरीने अहवाल लिहायला घेतला खरा, पण दोन ओळी झाल्या की उठायची. डोक्यात किडा वळवळत होता. गरज वाटत नाही म्हणजे काय? सायकल म्हणजे काही औषध आहे का, बरं वाटलं की बंद केलं? लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजारणीला तिने विचारलं. शेजारीण म्हणाली, "ते होय, भरलं मी. गरज नाही असं टाकलं."

"का पण?"

"बाकीचे पर्याय वाचले की घरच्यांची चुगली केल्यासारखं वाटत होतं. हाच एक गरीब दिसला."

भिंगरी खाली उतरायच्या ऐवजी तशीच लिफ्टमधून परत वर गेली. पर्याय तिनेच लिहिले होते: वेळ नाही, तब्येत साथ देत नाही, घरच्यांचा विरोध, रस्ते असुरक्षित, गरज वाटत नाही. लिहिताना तिला वाटलं होतं, यात सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून ती थेट ताईकडे गेली. ताई तिच्याहून सात वर्षांनी मोठी. घरातच पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालायचं. मशीन खिडकीशी, भिंतीला हँगरवर लोकांचे अर्धवट कपडे, आणि कापायच्या टेबलावर खडू, पट्टी, टाचण्यांचा डबा. ताई मान वर न करता म्हणाली, "टाचण्यांना हात लावू नकोस, मागच्या वेळी सगळ्या सांडल्यास."

"ताई, तुला लिंक पाठवली होती. भरलीस का?"

"उघडली होती."

"मग?"

"बंद केली."

"अगं, सख्ख्या बहिणीचं काम आणि तूच भरत नाहीस. सायकल तर आपल्या घरात तुझ्याइतकी कोणी चालवली नसेल. मला मागे बसवून चढावर उभी राहून पायडल मारायचीस."

"माझं उत्तर त्यात नव्हतं," ताई म्हणाली आणि मशीन चालू केलं.

दुसरी कोणी असती तर तिथेच थांबली असती. भिंगरी हात धुऊन मागे लागली. कोणतं उत्तर नव्हतं, मी घालते की, तू फक्त सांग. ती खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती आणि तिच्या ओढणीने हँगरवरचे कपडे हलत होते. शेवटी ताईने मशीन थांबवलं, सुईखालचं कापड तसंच ठेवलं आणि म्हणाली, "बस आधी. तू फिरत असलीस की मला बोलता येत नाही."

भिंगरी बसली.

"मी शिंपिणीच्या दुकानात कामाला जायचे तेव्हाची गोष्ट. तू शाळेत होतीस. स्टेशनामागच्या बोगद्यातून जायचे, जवळ पडायचं म्हणून. एक दिवस मागून मोटरसायकलवर दोघं आले. एकाने हात घातला. हसले, निघून गेले. मी पडले नाही." ताईने कापडावरची सुरकुती बोटाने सपाट केली. "पडले असते तर बरं झालं असतं. गुडघा दाखवता आला असता. घरी आले आणि सांगितलं टायर गेलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं पायी बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी कोणी विचारलंच नाही."

"आणि सायकल मला दिलीस."

"दिली."

"मला वाटलं, मी मोठी झाले म्हणून."

"ते वाटलं तुला, बरंच झालं."

"पण आईला तरी सांगायचंस."

"आईला सांगितलं असतं तर बाबांना कळलं असतं. बाबांना कळलं असतं तर तुझी पण बंद झाली असती. तू तर तेव्हा जमिनीवर टिकतच नव्हतीस." ताई जराशी हसली. "मीच रोज विचारायचे बघ तुला, कुठल्या रस्त्याने आलीस म्हणून."

भिंगरीला आठवत होतं. त्या प्रश्नाचा तिला भयंकर राग यायचा. ताई पोलिसासारखी चौकशी करते म्हणून तिने आईकडे तक्रारही केली होती. ती बोगद्यात न उतरता वरच्या रस्त्याने जायची, हात सोडून सायकल चालवायची, गाणी म्हणायची, आणि तिला कधीच काही झालं नव्हतं. आपण मुळात निडर आहोत असं ती इतकी वर्षं समजत आली होती.

"मग 'रस्ते असुरक्षित' वर टिक करायचंस ना," तिच्या तोंडून निघालंच.

"असुरक्षित म्हणजे खड्डे, ट्रक. मला तसंच वाटलं. रस्त्याचा काय दोष?" ताईने पाय मशीनवर ठेवला. "आणि हे तुला सांगितलंय. तुझ्या कागदात नको."

घरी जाताना भिंगरी बसमधून दोन थांबे आधीच उतरली. बसवेना तिला.

सकाळी ती मॅडमसमोर उभी राहिली. सर्वेक्षण आणखी काही दिवस चालू ठेवायचं, लिंक पुन्हा सगळीकडे पाठवायची आणि त्यात एक मोकळा प्रश्न घालायचा, पर्याय न देता: तुमची सायकल सुटली त्या दिवशी काय झालं होतं?

"मोकळ्या उत्तरांचा तक्ता होत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि वाचणार कोण?"

"मी वाचते."

"तू एका जागी बसून वाचणार?"

"उभी राहून वाचेन."

मॅडमनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि एक आठवडा दिला.

भिंगरीला वाटलं होतं, चार-दोन जणी लिहितील. पण एवढंसं बोट टेकवून निघून जाणाऱ्या त्याच बायका आता परिच्छेदच्या परिच्छेद लिहायला लागल्या. कोणाला नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी घामाने भिजलेल्या कुर्त्यावरून टोमणा मारला होता. कोणाच्या भावाने सीट उंच केली ती परत कोणी खाली केलीच नाही. एकीने लिहिलं होतं, नवऱ्याने माझी सायकल भंगारात दिली आणि व्यायामाचं मशीन आणलं, आता त्याच्यावर सगळ्यांचे टॉवेल वाळतात. ते वाचून भिंगरी मोठ्याने हसली आणि शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या. पण त्यानंतरची तीन उत्तरं वाचल्यावर ती उठून जिन्यात जाऊन उभी राहिली. कारण त्यांत बोगदा होता. कोणी त्याला पुलाखालचा रस्ता म्हणत होतं, कोणी स्टेशनचा उतार, पण जागा तीच. आठवडाभरात तो पुन्हा पुन्हा येत राहिला. कोणी वीस वर्षांपूर्वीचं लिहिलं होतं, कोणी मागच्या महिन्यातलं.

तिला राहवलं नाही. कामावरून सुटल्यावर, अजून उजेड असतानाच, ती बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. रस्ता खाली उतरत मध्येच वळत होता, त्यामुळे पलीकडचं तोंड दिसायचं नाही. छताला दिवे होते, पण लागलेले दोनच. भिंतीतून ओल झिरपत होती. भिंगरी आत जाऊन आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा बाहेर येताना तिला दिसलं, एक बाई सायकलवरून उतरून कडेला उभी आहे. हँडलला दोन पिशव्या. साखळी पडली असेल असं वाटून भिंगरी जवळ गेली.

"कोणाची वाट बघताय का?"

"हो."

"कोण यायचंय?"

"कोणीही," बाई म्हणाली. "बाई पाहिजे."

थोड्या वेळाने दुसरी एक मुलगी सायकलवरून आली. दोघींची ओळख नव्हती. मुलीने वेग कमी केला, बाईने पायडलवर पाय ठेवला आणि दोघी काही न बोलता एकमेकींच्या बाजूने उताराला लागल्या. भिंगरी धावत वरच्या रस्त्याने पलीकडे गेली. दोघी बाहेर आल्या. एक डावीकडे वळली, एक उजवीकडे. निरोपसुद्धा घेतला नाही. मग भिंगरी तिथेच अंधार पडेपर्यंत या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जात राहिली, आणि असं तिला पुन्हा पुन्हा दिसलं. तिच्या प्रश्नावलीत 'तुम्ही सायकल एकट्या चालवता की सोबतीने' असाही एक प्रश्न होता. या बायकांनी त्यावर काय लिहिलं असतं, हे तिला सांगता येईना.

रस्ते विभागातल्या बैठकीला मॅडमबरोबर तीही गेली. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, पडद्यावर मॅडमचे रंगीत तक्ते. मॅडमनी आधीच बजावलं होतं, पट्टीचा विषय आहे, पट्टीवरच बोलायचं. भिंगरीने स्वतःला खुर्चीला जखडून ठेवल्यासारखं केलं. पण पट्टीची चर्चा संपून लोक कागद आवरायला लागले तशी ती उभी राहिली आणि बोगद्याचं बोलली. वळण, दिवे, थांबणाऱ्या बायका. मग तीन उत्तरं वाचून दाखवली. ज्यांनी नाव न सांगता वाचायला हरकत नाही असं कळवलं होतं, त्यांचीच.

मुख्य इंजिनिअर वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "पण आमच्याकडे त्या जागेची एकही तक्रार नाही. इंटरनेटवर कोणीही काहीही लिहितं. तुमच्या ओळखीचं आहे का कोणी, जिला प्रत्यक्ष असा अनुभव आलाय?"

भिंगरीच्या ओठांवर ताई आली. एक वाक्य बोलायचं होतं आणि काम झालं असतं. सगळी खोली तिच्याकडे बघत होती. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"आहे," ती म्हणाली. "पण ते सांगायचा हक्क माझा नाही."

इंजिनिअरने मान हलवली, म्हणजे विषय संपला अशी. तेवढ्यात मॅडमनी समोरची बाटली बाजूला सरकवली.

"मला विचारा," त्या म्हणाल्या. "मी कॉलेजला त्याच बोगद्यातून जायचे. आता गाडी आहे, तरी काचा वर करून जाते. ड्रायव्हर समोर बसलेला असतो, तरी. तक्रार मी कधी केली नाही. कोणाकडे करायची ते तुम्ही आज सांगा, आजच करते."

इंजिनिअरने पेनाचं टोपण काढलं आणि लिहून घेतलं.

परतताना गाडीत भिंगरी मॅडमशेजारी बसली. मॅडम एवढंच म्हणाल्या, "पट्टीवरच बोलायचं ठरलं होतं आपलं."

पट्टी अजून झालेली नाही. तिचे नकाशे या टेबलावरून त्या टेबलावर फिरतायत. बोगद्यात मात्र चार महिन्यांनी दिवे लागले, वळणावर मोठा आरसा बसला, आणि पलीकडच्या तोंडाशी चहाच्या टपरीला जागा मिळाली, म्हणजे तिथे माणसांचा वावर राहील. सगळं बदललं असं म्हणता येणार नाही. मोटरसायकली आजही तिथून जातात.

ताईला तिने हे सांगितलं तेव्हा ताई एका परकराची नाडी ओवत होती. ऐकून घेतलं. बैठकीत आपलं नाव निघालं नाही, हेही ऐकलं.

"तुला नवी सायकल घेऊन देऊ का?" भिंगरीने न राहवून विचारलं.

"गुडघे कोणाचे घेऊन देशील?"

"मग मी काय करू?"

ताईने नाडीला गाठ मारली. "काही करायलाच पाहिजे असं नाही," ती म्हणाली. "ती कात्री दे इकडे."

भिंगरीने कात्री दिली. मग उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, आणि कापायच्या टेबलाखाली पडलेल्या चिंध्या गोळा करायला लागली. ताईने या खेपेला तिला बस म्हटलं नाही.